टाके निघाले, म्हणजे जखम भरली?

‘टाके निघाले ना? मग झालं तर! आता लाग हळूहळू कामाला.’

मैत्रिणींनो, हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? बाळंतपण असो, पिशवीचं ऑपरेशन असो, नाहीतर वरवंटा पायावर पडून झालेली जखम असो. आपल्या घरांमध्ये बाई बरी झाल्याची एकच खूण ठरलेली आहे. टाके निघाले की बाई बरी. प्लास्टर कापलं की बाई बरी. त्या ‘हळूहळू’ला तर काही अर्थच नसतो. सकाळी टाके काढून आलेली बाई संध्याकाळी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापतेय, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

बचत गटाच्या कामामुळे बायकांना दवाखान्यात घेऊन जायची, त्यांच्याबरोबर रांगेत बसायची मला सवय झाली आहे. मी शिकले बी.ए., तेही मराठी घेऊन. विज्ञानाची नि माझी गाठ दहावीलाच सुटली. पण रांगेत बसून बसून प्रश्न विचारायचा धीर आला. आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंना एकदा मी सरळच विचारलं, ‘टाके काढता तेव्हा जखम किती भरलेली असते हो?’ त्या हसल्या नि म्हणाल्या, ‘रुपयातले दहा पैसे.’

मला वाटलं, गंमत करतायत. पण ते अगदी खरं आहे. कातडी कापून पुन्हा शिवली, तर आठवड्याने त्या जागेची ताकद धड कातडीच्या जेमतेम दहा टक्के असते. कडा एकमेकींना धरून राहू लागल्या, एवढाच टाके काढण्याचा अर्थ. शिवाय ते फार दिवस ठेवले तर टाक्यांचेच वण उठतात, म्हणूनही काढतात. चेहऱ्यावरचे पाचेक दिवसांत, हातापायांवरचे दहा ते चौदा दिवसांत. खरी ताकद भरते ती त्यानंतर. तीन महिन्यांनी ती सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते आणि तिथंच थांबते. शंभर टक्के कधीच होत नाही. रफू केलेलं पातळ नेसता येतं, पण त्याच जागी पुन्हा ओढ बसली तर तिथंच आधी फाटतं, तसंच आहे हे.

आता ही झाली नुसत्या कातडीची गोष्ट. आपल्या अंगात कातडी, मांस, हाड, नसा, सांध्यातल्या गाद्या असं सगळं आहे, आणि प्रत्येकाचं पंचांग वेगळं! एकाच विळीने कापलेलं एकच बोट असलं, तरी कातडी बरी व्हायला दोन आठवडे, आतली शीर बरी व्हायला तीन महिने आणि संवेदना परत यायला त्याहूनही जास्त, असं होऊ शकतं. याचं एक मोठं कारण म्हणजे रक्त. दुरुस्तीचं सगळं सामान रक्तातूनच पोहोचतं. जिथं रक्ताचा पुरवठा भरपूर, तिथं काम झटपट. जेवताना गाल किंवा जीभ चावली, तर आपण चार दिवसांत विसरून जातो, कारण तोंडात रक्त मुबलक. उलट गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे आपण जिला गादी म्हणतो तिला, स्वतःचा रक्तपुरवठाच नाही. ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ असं म्हणत आपण तेलं चोळत बसतो, पण मोठ्या माणसाची ती गादी एकदा फाटली किंवा झिजली की पूर्वीसारखी सहसा भरून येत नाही. डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा मात्र या नियमाला अपवाद. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, तरी वरवरचा ओरखडा एक ते तीन दिवसांत भरतो. (म्हणून डोळ्यात काडी गेली तर मध नि दूध घालू नका गं बायांनो! काडी-काट्याबरोबर बुरशी आत जाते आणि दृष्टीवर बेतू शकतं. डॉक्टरच गाठा.)

विळीचं बोट

विळीवर बोट कापणं ही आपल्याकडे काही सांगण्यासारखी गोष्टच नाही. हळद दाबली, चिंधी बांधली, की पुन्हा भाजी चिरायला बसलो. बहुतेक वेळा ते भागतंही. पण बोटाच्या आतल्या बाजूला, कातडीच्या अगदी जवळून, कंडरा जाते. कंडरा म्हणजे मांसाला हाडाशी बांधणारी पांढरी दोरी. ती ओढली की बोट मिटतं. आपण तिलाही ‘शीर’ म्हणतो नि रक्ताच्या वाहिनीलाही ‘शीर’च म्हणतो, त्यामुळे रक्त थांबलं की सगळं निभावलं असं वाटतं. आमच्या गटातल्या एकीचं नारळ खोवताना बोट कापलं. रक्त थांबलं, जखम वरून छान मिटली. महिन्याने लक्षात आलं, बोटाचं पुढचं पेर वाकतच नाही. कंडरा तुटली होती आणि ताणलेलं रबर सुटावं तशी आत आखडून गेली होती. पहिल्या काही दिवसांत गेली असती तर ती टोकाला टोक लावून शिवता आली असती.

म्हणून हे घरच्या घरी करून बघा. बोट कापलं की रक्त थांबल्यावर प्रत्येक पेर वेगळं वाकवून, सरळ करून पाहायचं. एखादं पेर हलत नसेल, किंवा बोटाची एक बाजू बधिर लागत असेल, तर जखम कितीही लहान दिसो, त्याच दिवशी दवाखाना.

शिवलेली कंडरा पहिले दोन-तीन आठवडे फार नाजूक असते. सहाएक आठवडे पट्टी नि डॉक्टर दाखवतील तेवढीच हालचाल, आणि पिळणं-उचलणं साधारण तीन महिन्यांनी. धुणं पिळणं म्हणजे बोटांच्या कंडरांसाठी पैलवानाचं काम आहे, हे घरातल्या पुरुषमंडळींना मुद्दाम सांगावं लागतं!

संवेदनेच्या नसेचं काम तर सगळ्यात सावकाश. तुटलेली नस डॉक्टरांनी जोडली, तरी ती जोडल्या क्षणी चालू होत नाही. तुटलेल्या जागेपासून पुढं तिचे धागे नव्याने वाढत जावे लागतात, आणि तो वेग आहे दिवसाला साधारण एक मिलिमीटर. महिन्याला एक इंच. मनगटापाशी नस कापली तर बोटाच्या टोकाला जाण यायला सहा महिने सहज लागतात. तोवर गरम तवा हाताला लागला तरी कळत नाही, त्यामुळे भाजण्याची भीती. या काळात जखमेपासून पुढं पुढं सरकत जाणाऱ्या मुंग्या येऊ लागल्या तर घाबरायचं नाही. नस वाढते आहे याची ती खूण.

डावाच हात मोडलाय ना?

पन्नाशीच्या पुढच्या बायका न्हाणीघरात, ओल्या फरशीवर, पावसाळ्यात अंगणात घसरतात आणि पडताना हात टेकतात. मनगटाचं हाड मोडतं. हा मार इतका ठराविक आहे, की डब्लिनमधल्या अब्राहम कॉलीस नावाच्या सर्जनने १८१४ साली त्याचं वर्णन लिहून ठेवलं आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. गंमत म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली. म्हणजे फोटो काढायची सोय यायच्या ऐंशी वर्षं आधी या माणसाने नुसता हात बघून आणि चाचपून हे ओळखलं होतं.

हाड जुळतं कसं हे मला फार आवडलं. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं. त्या रक्ताच्या गाठीत दोन-तीन आठवड्यांत मऊ, रबरासारखा सांधा तयार होतो. मग त्यात चुना भरत जातो आणि सहा ते बारा आठवड्यांत तो कडक होतो. सुरुवातीला हा जोड गरजेपेक्षा जाडजूड, ओबडधोबड असतो, गवंड्याने घाईत थापलेल्या गिलाव्यासारखा. नंतर शरीर महिनोन्‌महिने तो घासून-तासून मूळच्या आकाराला आणतं. बोटाचं हाड तीन-चार आठवड्यांत, मनगट सहा आठवड्यांत, नडगी नि मांडी तीन-चार महिन्यांत, कधी त्याहून जास्त. तान्ह्या बाळाचं मांडीचं हाड मात्र तीन-चार आठवड्यांत जुळतं. वयाचा फरक इथं असा लख्ख दिसतो.

म्हणजे मनगटाचं प्लास्टर सहा आठवड्यांनी कापलं, तेव्हा हाड चिकटलेलं असतं, पक्कं झालेलं नसतं. त्यात सहा आठवडे बांधून ठेवल्याने सांधे आखडलेले, मांस वाळलेलं. हाताची पकड पूर्वीसारखी यायला सहा महिने, कधी वर्षही जातं. आमच्या गल्लीतल्या काकूंचा डावा हात मोडला तेव्हा त्यांचे यजमान म्हणाले होते, ‘डावाच ना? पोळ्या तर उजव्यानेच लाटतात!’ काकूंनी त्यांच्या हातात लाटणं दिलं आणि म्हणाल्या, ‘लाटा बघू एका हाताने.’ असो.

प्लास्टरच्या काळात बोटं मात्र हलवत राहायची, खांदा-कोपर फिरवत राहायचं. ‘हात मोडलाय’ म्हणून सगळा हातच गळ्यात अडकवून ठेवला की मनगट सुधारतं आणि खांदा धरतो. आणि पन्नाशीनंतर नुसत्या उभ्याउभी पडण्याने मनगट मोडलं असेल, तर ती बहुधा हाडं ठिसूळ होत चालल्याची पहिली सूचना असते. हाडांची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचाराच. पुढची पडझड खुब्याची असू शकते.

हाडवैद्याबद्दल एक शब्द. गावोगाव त्यांच्यावर विश्वास आहे आणि अनेकांचा हात चांगलाही असतो. पण कांबट्या नि पट्ट्या करकचून आवळलेल्या असतील, बोटं काळी-निळी किंवा गार पडली, ठणका सहन होईना, बोटं सरळ करताना जीव जायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. रक्त अडलं तर आतलं मांस काही तासांतच मरायला लागतं, आणि मेलेलं मांस परत येत नाही. बोटं कायमची वाकडी होऊन बसतात. हेच डॉक्टरांनी घातलेल्या घट्ट प्लास्टरलाही लागू.

पाय मुरगळण्याचं थोडक्यात सांगते. तिथं हाडाला हाड बांधणारे पट्टे ताणले जातात. साधं मुरगळणं एक ते तीन आठवडे, जास्त असेल तर सहा आठवडे, पट्टा पूर्ण तुटला तर काही महिने. पहिले दोन दिवस गरम शेक आणि जोरात चोळणं नको, त्याने सूज वाढते. गार पाण्याची पट्टी किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ बरा.

भाजण्याचंही तसंच. भाजलं की आधी वीस मिनिटं नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली. टूथपेस्ट, शाई, कणीक काही नको. वरवर भाजलेलं दोन-तीन आठवड्यांत भरून येतं. तीन आठवडे उलटूनही भरलं नाही, तर भाजणं खोल आहे, तिथं जाड वण उठणार नि कातडी आखडणार. अशी जखम घरी ठेवून बघत बसू नये, मोठ्या दवाखान्यात दाखवावी.

पोटातला पडदा कुणाला दिसत नाही

आता जिथं सगळ्यात जास्त अन्याय होतो, तिकडे वळते.

सिझर होतं तेव्हा वरची कातडी कापतात, हे सगळ्यांना दिसतं. तिच्याखाली चरबी, त्याखाली एक चिवट पांढरा पडदा, मग पोटाचे स्नायू बाजूला सारून आतलं आवरण आणि शेवटी गर्भपिशवी. इतके थर उघडलेले असतात. पोटाचा सगळा भार तोलतो तो त्या चिवट पडद्यावर. कातडीचे टाके निघतात, पण तो पडदा अजून आतल्या धाग्यांच्याच भरवशावर असतो. म्हणून डॉक्टर सहा आठवडे वजन उचलू नका म्हणतात. बाळाइतकंच वजन, त्याहून जास्त नाही. आता पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो, वर बादलीचं वजन वेगळं. वाकून ती उचलताना पोटावर जो ताण येतो तो कच्च्या पडद्याला झेपला नाही, तर पुढं वर्षा-दोन वर्षांनी शिवणीतून हर्निया बाहेर येतो. मग म्हणायचं, ‘सिझरमुळे पोट सुटलं.’

आणि नैसर्गिक बाळंतपण झालं म्हणून सुटका नाही. बाळंत झाल्याबरोबर गर्भपिशवीचं वजन एक किलोच्या आसपास असतं. ती आकसत आकसत साठ-सत्तर ग्रॅमवर येते, त्याला सहा आठवडे लागतात. वार सुटलेल्या जागी आत एक मोठी जखम असते, तीही या काळातच भरते. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आपल्या आज्या-पणज्यांनी बाळंतिणीला सव्वा महिना घरात बसवलं, त्याला विटाळाचं नाव दिलं ते सोडून देऊ. पण हिशेब किती जवळचा होता बघा! हल्ली विटाळ मानत नाही असं अभिमानाने सांगणाऱ्या घरांत विटाळाबरोबर विश्रांतीही गेली, हे मला खटकतं. बारसं झालं की बाळंतीण ओट्यापाशी उभी!

विश्रांती म्हणजे निजून राहणं मात्र नव्हे. सिझरनंतर दुसऱ्या दिवसापासून उठून चालायला लावतात ते बरोबरच आहे. पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. चालणं वेगळं आणि हंडा उचलणं वेगळं, इतकंच.

पिशवीवरची शिवण पक्की व्हायला तर आणखी वेळ हवा. म्हणून दोन वर्षं पुढचा दिवस जाऊ देऊ नका असं सांगतात. ‘पहिली मुलगी झाली, आता लवकर दुसरं’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं.

कायद्याला हे सारं ठाऊक आहे, बरं का. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपात झालेल्या बाईला सहा आठवड्यांची, कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला दोन आठवड्यांची पगारी रजा ठेवली होती. बाळंतपणाची रजा २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. पण हा कायदा नोकरीतल्या बाईचा. घरात, शेतात राबणारीची रजा मांडणारं मस्टर कुठं आहे?

याचं सगळ्यात उघडं रूप आपल्याच राज्यात दिसलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचा प्रश्न गाजला आणि २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. पाळीच्या तक्रारींवर, कॅन्सरची भीती घालून ऑपरेशनं झाली, हे त्यावेळी सगळ्यांनी वाचलं. माझं लक्ष मात्र पुढच्या दिवसांकडे गेलं. पोट उघडून पिशवी काढली तर सहा ते आठ आठवडे जड काम नको. आणि ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे वरून दंड. डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन गाडीच्या फळीवर चढायचं. तिथं आठ आठवडे कुठून आणायचे? कोवळ्या वयात पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील, तर हाडं लवकर ठिसूळ होतात, ते निराळंच.

‘आंबट खाऊ नको, पू होईल’

टाके पडले की घरात पथ्यांची यादी सुरू होते. आंबट नको, भात नको, डाळ नको, वांगं तर नावही नको. बाईला चार-आठ दिवस मऊ खिमटी नि चहा-बिस्किटावर ठेवतात. पू होतो तो जंतूंमुळे, लिंबामुळे नाही. उलट आंबटातलं क जीवनसत्त्व नसेल तर जखम भरतच नाही.

हे अमेरिकेतल्या जॉन क्रँडन नावाच्या तरुण सर्जनने स्वतःच्या अंगावर करून दाखवलं. १९३९ च्या सुमारास त्याने फळं आणि भाज्या पूर्ण बंद केल्या. तीन महिन्यांनी आपल्या पाठीवर एक जखम करून घेतली, ती नीट भरली. सहा महिन्यांनी पुन्हा केली. वरून कातडी मिटलेली, पण दहा दिवसांनी उघडून पाहिलं तर आत काही जुळलंच नव्हतं, नुसतं रक्त साकळलेलं. मग क जीवनसत्त्व दिल्यावर दहा दिवसांत ती जखम भरली.

त्याहून अंगावर काटा आणणारी हकिगत १७४० ते १७४४ मधल्या जॉर्ज अँसन या इंग्रज दर्यावर्दीच्या सफरीची आहे. महिनोन्‌महिने ताजं अन्न नाही म्हणून खलाशांना स्कर्व्ही झाली. त्यात एक जण असा होता, की १६९० च्या लढाईत झालेली त्याची जखम पन्नास वर्षं भरलेली होती. ती पुन्हा उघडली, जणू कधी भरलीच नव्हती! जखमेचा सांधा जुना झाला तरी शरीर त्याची डागडुजी रोज करत असतं. सामान बंद झालं की जुना सांधाही सुटतो.

हे सामान आपल्याकडे महाग नाही. आवळा, लिंबू, पेरू, शेवग्याचा पाला. पेरूत तर संत्र्यापेक्षा क जीवनसत्त्व जास्त. नवीन मांस, कातडी बांधायला प्रथिनं हवीत. डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, आणि चालत असेल त्यांनी अंडी, मासे. अळिवाच्या लाडवात लोह भरपूर, त्याला विसरू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईकडून जखम चटकन भरण्याची अपेक्षा कशी करायची?

आणि मिशरी! ‘मी तंबाखू नाही खात, नुसती मिशरी लावते’ असं बायका बिनदिक्कत सांगतात. तंबाखू ती तंबाखूच. तिच्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि नेमकं जखमेलाच रक्त कमी पडतं. ऑपरेशन ठरलं की आधीपासून बंद करावी, हाड मोडलं की त्या दिवसापासून. साखरेचा आजार असेल तर साखर ताब्यात ठेवल्याशिवाय पायाची साधी जखमही चिघळत राहते. ताप येऊ लागला, जखमेभोवतीची लाली पसरू लागली, वास किंवा पू आला, शिवण उकलली, तर दिलेल्या तारखेची वाट न बघता दवाखान्यात जायचं.

डॉक्टरांना आपण विचारतो, ‘बरी कधी होईन?’ तेही सांगतात, ‘होशील महिन्याभरात.’ या प्रश्नोत्तरात कुणालाच काही कळत नाही. डॉक्टरांना आपलं काम माहीत नसतं. नीट विचारायचं, ‘हंडा कधी उचलू? धुणं कधी पिळू? खाली मांडी घालून कधी बसू? शेतात कधी जाऊ? नवऱ्याजवळ कधी जाऊ?’ आणि उत्तर लिहून मागायचं.

आमच्या गटातल्या एकीने सिझरनंतर हेच केलं. डॉक्टर बाईंनी केस पेपरवर मराठीत लिहून दिलं: सहा आठवडे हंडा, बादली, दळणाचा डबा उचलू नये. खाली सही आणि शिक्का. तिने तो कागद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला टाचला. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, तर पुतण्याने मोठ्याने वाचून दाखवला, शिक्क्यासकट. दुसऱ्या दिवसापासून पाणी तिचा नवरा भरायला लागला. पहिले दोन दिवस पहाटे अंधारात, कुणी बघू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर गेला, तेव्हा नळावर आधीच दोघे पुरुष हंडे घेऊन उभे होते.